मिस्त्रीनं काम बिघडवलं, तर काय करायचं?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. त्यावर सकाळपासून बोलणं झालंच आहे. मी माझ्या ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. मागच्या बैठकीत पाच-सहा जणांनी हेच गाऱ्हाणं मांडलं. काम बिघडलं, पैसे गेले आणि मिस्त्री ओळख देत नाही.

२०२२ ची गोष्ट. मे महिन्यात माझ्या ट्रॅक्टरच्या इंजिनचं ऑइल चहासारखं दिसायला लागलं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलं. मिस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट गेलं. त्यानं ते बदललं. गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये घेतले. पावती म्हणून सिगारेटच्या पाकिटामागं आकडे लिहून दिले. मी कृषी पदवीधर, तुम्हाला हिशेब ठेवा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा. मी तो कागद खिशात घातला आणि घरी आलो.

जूनअखेर पेरणीजोगा पाऊस झाला. वाफसा आला. दुसऱ्या तासाला काटा लाल पट्टीत गेला, धुराड्यातून पांढरा धूर आला. रेडिएटरचं झाकण थंड झाल्यावर काढलं, इंजिन चालू केलं, तर पाण्यात बुडबुडे. गॅस्केट परत गेलं होतं.

मिस्त्री म्हणाला, 'तुम्ही लोड जास्त दिला.' हे उत्तर तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

रात्री चार पोरं घरी आली. म्हणाली, 'भाऊ, उद्या बिल्ले लावून वीस जण जाऊ, पैसे कसे देत नाही ते पाहू.' खरं सांगतो, मलाही ते बरं वाटलं. पण नाही म्हणालो. तो मिस्त्री तीन एकर कोरडवाहू बापाचा पोरगा. शेतीत भागलं नाही म्हणून पाना हातात घेतला. ज्या संघटनेनं रस्त्यावर बसून सरकारला जाब विचारायचा, तिनं एका गॅरेजवाल्याला घेरायचं? आणि आज आपण वीस जण गेलो, तर उद्या त्याच्यामागं चाळीस जण उभे राहतील. मग इंजिनात काय बिघडलं हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मी ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही. हे महत्त्वाचं आहे. चिडून आपण लगेच दुसऱ्याकडून खोलून घेतो आणि पुरावा तिथंच संपतो. मी तालुक्याच्या दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं आणि पहिल्यालाही निरोप दिला, 'तुझ्यासमोर खोलतो, ये.' तो आला. गावातले दोघे जण साक्षीला बसवले, फोनवर फोटो काढले. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर मधल्या भागात पट्टीखालून उजेड दिसत होता. हेड वाकलं होतं. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट किती दिवस टिकणार? हेड लेथवर सपाट करून घ्यायला हवं होतं. बोल्टही अंदाजानं आवळलेले. ते मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या मापानं, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. त्याच्याकडं तो नव्हता.

तिथं तो एक वाक्य बोलला. 'लेथचं मी म्हणालो होतो, तुम्हीच म्हणाले स्वस्तात बसव.' मी म्हणालो होतो. आठवत होतं मला. पण इंजिन टिकणार नाही हे त्यानं स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि मी ऐकलं नसतं तर तसं लिहून घ्यायला हवं होतं.

मग मी हिशेब मांडला. दुसऱ्या दुरुस्तीचे ९,५०० लागले. ते मी त्याच्याकडं मागितले नाहीत, कारण लेथचा आणि नीट कामाचा खर्च पहिल्या वेळीही मलाच आला असता. वाया गेले ते पहिले ६,८००. भाड्याच्या ट्रॅक्टरचे ७,२०० गेले, त्यातून माझं न जळलेलं डिझेल १,८०० वजा केलं. मागणी झाली १२,२०० रुपये. ते पत्रात लिहिलं, फोटो जोडले, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. बाराव्या दिवशी तो घरी आला. ६,८०० दोन हप्त्यांत दिले आणि २,००० रुपयांचं नांगराचं काम करून दिलं. बाकीचं मी सोडलं.

जे भरून निघालं नाही ते वेगळंच आहे. पेरणी आठ दिवस लांबली. ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी धरते. माझ्या दोन एकरात पोंगेमर झाली ती झालीच. त्याची पावती कोण देणार? म्हणून ट्रॅक्टर मे महिन्यात दुरुस्त झाला, की मेमध्येच दोन-तीन तास वखराला जुंपून बघा.

तो आला नसता तर? ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९८६ चा जाऊन २०१९ चा आला, तो जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, तिच्यातल्या कसुरीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. समोरचा म्हणेल, 'तुम्ही ट्रॅक्टर धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही.' घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू या कायद्यात धंद्याची धरत नाहीत. बियाण्याच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. मात्र चार ट्रॅक्टर ड्रायव्हर ठेवून भाड्यानं फिरवणाऱ्यानं हे गृहीत धरू नये.

आणखी एक. ट्रॅक्टर गॅरेजात असताना भांडण झालं, तर रात्री ओढून आणू नका. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्यानं कारागिराला दिला आहे. पैसे द्या, पण बिलावर 'हरकत राखून' असं लिहून सही करा. बिल देत नसेल तर मागा. बिल नाकारणं हीच आता अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि काढलेले जुने पार्ट घरी आणा. मोडीतच जायचे असले तरी आणा.

सिगारेटच्या पाकिटाबद्दल सांगायचं राहिलं. ते मला सापडलं, धोतराच्या घडीत, माझ्या आईनं जपून ठेवलेलं. पत्राला तेच जोडलं होतं.

ज्यांची अशी प्रकरणं अडली आहेत त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत या. हातात जो काही कागद असेल तो आणा. पत्रं तिथंच लिहू.