हेडफोनसाठी वर्धक : निवड आणि रचना



आजच्या व्याख्यानाचा विषय ठरल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे : "चांगला, महागडा हेडफोन घेतला आहे, आता त्याला किती वॉटचा वर्धक घ्यावा?" प्रश्न साधा आहे, पण त्यातला 'वॉट' हा शब्दच आपल्याला आडवाटेला नेतो. लाउडस्पीकरच्या बाबतीत वॉटची भाषा चालून जाते. हेडफोनचा पडदा कानापासून बोटभर अंतरावर असतो, आणि त्याला लागणारी शक्ती मिलिवॉटमध्ये, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. वर्धक किती बलवान आहे यापेक्षा तो आपल्या हेडफोनशी जुळतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

सगळे हेडफोन एका जातीचे नसतात. झेन्हायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये आणलेल्या एचडी ४१४ या गाजलेल्या हेडफोनचा संरोध २,००० ओहम होता. आज खिशातल्या फोनला जोडायचे हेडफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात. संरोध म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला होणारा विरोध. तो अधिक असेल तर वर्धकाने दाब पुरवावा लागतो; कमी असेल तर प्रवाह पुरवावा लागतो. याच्या जोडीला दुसरा आकडा पाहावा लागतो तो संवेदनक्षमतेचा : एका मिलिवॉट शक्तीत हेडफोन किती डेसिबेल आवाज देतो?

आता थोडे गणित करू. कंटाळू नका, ते एकदाच करायचे आहे. समजा, संगीतातल्या क्षणिक उंच आघातांसाठी ११० डेसिबेलपर्यंत जाण्याची सोय हवी आहे. ३०० ओहमचा आणि मिलिवॉटला ९७ डेसिबेल देणारा हेडफोन घेतला, तर त्याला २० मिलिवॉट पुरतात : दाब सुमारे अडीच व्होल्ट, प्रवाह अवघा आठ मिलिअँपिअर. याउलट हायफायमॅन कंपनीचा एचई-६ हा सपाट चुंबकीय पडद्याचा हेडफोन घ्या. संरोध ५० ओहम, संवेदनक्षमता ८३.५ डेसिबेल. तेवढ्याच आवाजासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॉट लागतात, आणि प्रवाह ९५ मिलिअँपिअरच्या घरात जातो. पहिल्याला उत्तम चालवणारा लहानसा वर्धक दुसऱ्याशी गाठ पडताच धापा टाकू लागेल. पण दोघांनाही वॉटभर शक्ती लागलेली नाही, हेही ध्यानात घ्या. (स्थिरविद्युत् जातीचे हेडफोन या हिशोबात बसत नाहीत. त्यांच्या पडद्याला शेकडो व्होल्टचा स्थिर दाब द्यावा लागतो आणि त्यांचा वर्धकही वेगळाच असतो.)

आता ज्या गुणाकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जाते, त्याकडे वळतो : वर्धकाचा स्वतःचा निर्गम संरोध. १९७० च्या दशकातल्या मोठ्या वर्धकांत हेडफोनची खाच ही उपरी पाहुणी असे. लाउडस्पीकरच्या तारेतूनच एक भक्कम रोधक घालून तिला आवाज दिला जाई. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या १९९६ च्या मानकातही १२० ओहमची शिफारस आली. हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा असता, तर यात काही बिघडले नसते. आवाज थोडा कमी झाला असता, इतकेच. पण तो सारखा नसतो. कानात घालायच्या काही बहुचालक श्रवणयंत्रांचा संरोध एका कंप्रतेला १० ओहम, तर दुसरीला ४० ओहम असू शकतो. १२० ओहमच्या वर्धकाला ते जोडले की या दोन कंप्रतांच्या आवाजात तब्बल १० डेसिबेलचा फरक पडतो. वर्धकाचा संरोध एक ओहम असेल, तर तोच फरक अर्ध्या डेसिबेलहून किंचित अधिक राहतो. म्हणून वर्धकाचा निर्गम संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा ठोकताळा रूढ आहे. "या वर्धकाचा स्वर फार ऊबदार आहे" अशी स्तुती मी पुष्कळदा ऐकली आहे. ती ऊब अनेकदा एका रोधकाची कृपा असते, आणि तो रोधक काही पैशांत मिळतो.

रचनेकडे येऊ. ट्रँझिस्टरच्या जोडीतला एक धन अर्धलहर सांभाळतो, दुसरा ऋण. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना शून्यापाशी जो सांधा पडतो, तो मोठ्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात झाकला जातो. हेडफोनचे सारे आयुष्य मात्र शून्याच्या आसपासच जाते. म्हणून दोन्ही ट्रँझिस्टरांतून सतत प्रवाह वाहू देणारी 'क्लास ए' रचना येथे शोभते. शिवाय ती परवडते. धन आणि ऋण १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर १०० मिलिअँपिअर स्थिर प्रवाह ठेवला, तर एका बाजूस तीन वॉट उष्णता निघते. लहानशी अॅल्युमिनियमची पट्टी ती सहज वाहून नेते.

या पुरवठ्याच्या बाबतीत मी स्वतः धडा घेतला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला वर्धक मी मोठ्या उत्साहाने डोक्यावर हेडफोन चढवूनच चालू केला. ऋण बाजूचा एक डाखण-सांधा कच्चा राहिला होता. तो सुटला, आणि हेडफोनच्या वेटोळ्यावर बारा-तेरा व्होल्टचा स्थिर दाब आला. एक प्रचंड धक्का बसला, मागोमाग जळक्या लाखेचा वास आला. हेडफोन नवा घेता आला. डाव्या कानात मात्र तेव्हापासून एक बारीक शीळ वाजत असते. या क्षणीही ती वाजते आहे.

तेव्हापासून कोणत्याही आराखड्यात मी प्रथम पाहतो ते स्थिर दाब अडवण्याची सोय. निर्गमाशी ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र घालणे हा जुना, खात्रीचा उपाय. ३२ ओहमच्या हेडफोनशी त्याची मर्यादा सुमारे ११ हर्ट्झवर येते, म्हणजे ऐकू येण्याच्या खालीच. दुसरा उपाय रिलेचा : चालू केल्यावर काही सेकंद थांबून जोडणारा आणि गडबड होताच तोडणारा. २०११ मध्ये एका अभियंत्याने आपले नाव गुप्त ठेवून 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यात साध्या, स्वस्त आयसी आणि नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. पण एक बॅटरी उतरली, तर दोन्ही बाजूंचा पुरवठा एकदम बंद करणारे मंडलही त्यात आहे. ते पाहून मला त्या अनामिकाविषयी विशेष आदर वाटला.

वर्धन जरुरीपेक्षा जास्त ठेवणेही घातकच. फार संवेदनक्षम हेडफोनमध्ये दहा मायक्रोव्होल्टची खरखरसुद्धा शांत खोलीत ऐकू येते. शिवाय बटण जरासे सरकले की आवाज अंगावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने आठवड्याला ४० तास ऐकायचे, तर ८० डेसिबेलची मर्यादा पाळावी. पुढच्या प्रत्येक तीन डेसिबेलला वेळ निम्मा होतो. ११० डेसिबेलच्या वाट्याला आठवड्याची जेमतेम सव्वादोन मिनिटे येतात.

विकत घेताना काय ऐकावे? माझी पसंती तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला आहे. खर्जाच्या तारेखाली ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर दबून बसली असेल, तर ती रोहित्राची किंवा वीजपुरवठ्याची आहे, आणि तानपुरा थांबताच ती उघडी पडते. दोन वर्धकांची तुलना करताना मात्र दोघांचा आवाज मापकाने मोजून सारखा करा. कानावर विसंबू नका. किंचित मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो.

येथे टेबलावर दोन वर्धक मांडले आहेत. एक दुकानातला महागडा, दुसरा मी जोडलेला. कोणता कोणता हे कापडाखाली झाकले आहे, आवाज मोजून सारखा केला आहे. एकेकाने पुढे यावे, आणि हेडफोन डोक्याला लावण्यापूर्वी बटण शून्यावर आहे ना, हे पाहून घ्यावे.