बोलावलं कुणी होतं?

श्रोतेहो, माझा भाचा कॅलिफोर्नियात, सॅन होजे शहरात राहतो. मध्यंतरी एका रात्री त्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला. म्हणाला, "मामू, शेजारची मुलगी आमच्या परसातल्या ट्रॅम्पोलीनवरून पडली. कोपर मोडलंय. आम्ही घरी नव्हतो. मी काही तिला बोलावलं नव्हतं."

ट्रॅम्पोलीन म्हणजे लोखंडी चौकटीला स्प्रिंगांनी ताणून बसवलेलं जाड कापड. त्यावर उडी मारली की माणूस चेंडूसारखा उसळतो. १९३४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ते आजच्या रूपात तयार झालं आणि पुढं घरोघरच्या परसात पोचलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १९९९ पासून सांगते आहे, की हे घरी ठेवू नका. सुमारे पाऊण अपघात एका वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि लागतं बहुधा सगळ्यांत लहान मुलाला.

भाच्याला दोन काळज्या होत्या. पहिली घराची. तिकडं घराच्या विम्यातच दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईची सोय असते. पण काही कंपन्या ट्रॅम्पोलीन वगळतात, काही भोवती जाळी असेल तरच मानतात. यानं कंपनीला कळवलंच नव्हतं. दुसरी काळजी, मुलीला बघायला जायचं की नाही? गेलास तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं त्याच्या मित्रांनी त्याला बजावलं होतं.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कायद्यातलं मला काय कळणार? पण दोन दिवस वाचत बसलो. नेब्रास्का राज्यात इंजिनं वळवायच्या रेल्वेच्या फिरत्या चकतीवर खेळताना सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय चिरडला होता. चकतीला कुलूप नव्हतं, राखणदार नव्हता. मुलगा आमच्या हद्दीत विनापरवाना शिरला, असं कंपनीचं म्हणणं. १८७३ च्या या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मुलाला मिळालेली साडेसात हजार डॉलरची भरपाई कायम केली. मुलांना भुरळ घालणारी धोक्याची वस्तू उघडी ठेवायची आणि ती आली तर हद्द दाखवायची, हे चालणार नाही, असा विचार त्यातून रुजला. ट्रॅम्पोलीनच्या बाबतीत सगळ्या न्यायालयांचा निकाल सारखा नसतो. धोका कळण्याइतकं मूल मोठं असेल तर मालक सुटूही शकतो. पण कॅलिफोर्नियात १९६८ पासून, आलेला माणूस बोलावलेला की न बोलावलेला, एवढ्यावरच जबाबदारी ठरत नाही. मालकानं वाजवी काळजी घेतली का, हे पाहतात.

हे वाचताना मला आमच्या गावच्या घराचा आड आठवला. आडाशेजारी बोरीचं झाड होतं. शेजारचा एक पोरगा बोरं वेचता वेचता आडात पडला. नशीब, पाणी कमी होतं. दोर सोडून त्याला वर काढला. अब्बा घाबरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आपण कुठं त्याला बोलावलं होतं?" अम्मी त्या पोराचं डोकं पुसत म्हणाली, "बोरांनी बोलावलं होतं की!" दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि आडावर फळ्या बसल्या.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "बेटा, आधी विमा कंपनीला खरं काय ते कळव. आणि मुलीला बघायला जा. तुमच्याच राज्यात २००० साली झालेला कायदा सांगतो, की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती म्हणजे चुकीची कबुली धरायची नाही. 'माझीच चूक' असं म्हटलंस तर ते मात्र धरलं जाईल. तेव्हा चूक कुणाची, ते तिथं बोलू नकोस. कोपर कसं आहे, एवढंच विचार."

तो गेला. मुलीनं त्याला प्लास्टरवर नाव लिहायला लावलं. विम्याचं अजून ठरायचं आहे. ट्रॅम्पोलीन मात्र त्यानं उतरवून ठेवलं.

श्रोतेहो, आपल्याकडं परसात ट्रॅम्पोलीन क्वचितच असेल. पण झाकण नसलेली पाण्याची टाकी असते, कठडा नसलेली गच्ची असते. बोअरच्या खड्ड्याभोवती कुंपण घाला, तोंडाला झाकण लावा, सोडून दिलेला खड्डा बुजवा, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली बजावलं. तरीही त्यात मुलं पडल्याच्या बातम्या येतातच. आज घरी आपल्या अंगणात एक फेरी मारा. आपल्या उंचीवरून नको, चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून बघा. आपली बोरं कुठं आहेत, ते लगेच दिसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)