होलीरूडचे सूर



आम्ही स्कॉटलंडला गेलेलो नाही. तेथील गढ्या-राजवाडे आम्हांस भेटले ते पाश्चात्त्य संगीतातून. आज आपणांस त्याच वाटेने नेतो.

एडिंबरा शहरात कड्यावर किल्ला आहे. तेथून मैलभर उतरत गेले की होलीरूडचा राजवाडा लागतो. ९ मार्च १५६६ रोजी येथे मेरी राणीचा चिटणीस डेव्हिड रिझिओ याला तिच्यासमोरून ओढून नेऊन ठार केले. हा इटलीचा माणूस दरबारात प्रथम शिरला तो गवई म्हणून.

३० जुलै १८२९ च्या संध्याकाळी फेलिक्स मेंडेल्सोन हा वीस वर्षांचा जर्मन संगीतकार तेथे आला. लगतच्या मठाचे छप्पर १७६८ मध्येच कोसळलेले. आत गवत, वेली आणि वर उघडे आभाळ. आपल्या स्कॉटिश सिंफनीचा आरंभ आज येथे सापडला, असे त्याने घरी कळविले. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची, बहुधा चार भागांची रचना. आरंभ सापडला खरा, पण पुढे इटलीच्या उन्हात ते धुके काही केल्या परत येईना! रचना लाइपझिगला वाजली ती मार्च १८४२ मध्ये.

गंमत पुढेच आहे. शूमानसारखा जाणकार हीच सिंफनी इटलीवरची समजला, आणि तिच्यातील इटलीवर लुब्ध होऊन त्याने तसे लिहिलेही! मग होलीरूड सुरांत आहे, की आमच्या माहितीत?

दोनिझेत्तीने स्कॉटलंड न पाहताच, स्कॉटच्या कादंबरीवरून, १८३५ साली ‘लुचिया दि लामेरमूर’ हे संगीतनाटक रचले. गढी स्कॉटिश, गळा निव्वळ इटालियन. तरी लुचियाच्या वेडाच्या प्रवेशात आम्हांस त्याचे भान राहत नाही. ब्रूखने १८८० साली ‘स्कॉटिश फँटसी’त खरी स्कॉटिश लोकगीते गुंफली. मेंडेल्सोनने मात्र कोणतेही लोकगीत जसेच्या तसे उचलले नाही. लोकगीतांवर तो चिडतच असे. तरीही आमचे मत त्याच्याच बाजूने पडते.

वर्गात आम्ही नाव न सांगता त्या सिंफनीचा आरंभ ऐकवतो. ओबो आणि व्हायोला यांचे ते जड, सावकाश सूर. कोणी म्हणते पाऊस, कोणी म्हणते मयत. इटली अद्याप कोणी म्हटलेले नाही, पण स्कॉटलंडही नाही. मग आम्ही रिझिओची आणि त्या छप्पर नसलेल्या मठाची हकीकत सांगतो, आणि तेच सूर पुन्हा लावतो. दुसऱ्या खेपेस मागच्या बाकांवरही कुजबुज नसते.