वहाण कपड्यात धरायची की नाही?

(वस्तीतल्या बुद्धविहारात केलेले भाषण)



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला इथं उभं केलंय, पण आज कविता म्हणणार नाही. आज चपलेवर बोलणार आहे. हसू नका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका पोराच्या पायावर लोखंडी सळ्यांचा भारा सटकला. पायात रबरी स्लिपर. दोन बोटं गेली. आम्ही ठेकेदाराकडं गेलो. म्हटलं, बूट का देत नाही? त्यानं कराराचा कागद पुढं केला. "वर्षाला दोन जोड कपडे लिहिलेत, ते दिले. बूट कपड्यात येत नाहीत." झालं. शब्दाच्या अर्थात पोराचा पाय अडकला.

तेव्हापासून डोक्यात हाच किडा वळवळतोय. वहाण कपड्यात धरायची की नाही?

गावानं याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. माझा आज्या पाटलाच्या वाड्याशी आला की वहाणा काढून काखोटीला मारायचा. फुफाटा पोळायचा. धोतर सोड असं त्याला कुणी म्हटलं नाही. वहाणच खटकायची. मेलेलं ढोर ओढलं आम्ही, कातडं कमावलं ढोरांनी, वहाण शिवली चांभारानं. घालायची मात्र त्यांनीच! "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण कुणाला उद्देशून आहे ते तुम्हाला सांगायला नको. आता वहाणेनंच पायात वहाण घातली, तर गावाला कसं सोसावं?

कायद्याकडं बघा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं दलिताच्या अंगावरचे कपडे जबरीनं उतरवणं हा गुन्हा ठरवला. वहाणेचं नाव तिथं नव्हतं. 'अशीच इतर कृती' एवढे मोघम शब्द होते. ते नाव यायला २०१५ ची दुरुस्ती लागली. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालायला दलिताला अडवणं, हा आता गुन्हा आहे. म्हणजे स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनीही हे लिहावं लागलं. आणि नीट वाचा, पादत्राणं 'किंवा' कपडे. शब्द दोन, पण बसवलेत एका पंगतीत.

सरकारच्या कर खात्यानं मात्र पंगत मोडली. २०२१ साली जीएसटी परिषदेनं ठरवलं, कपड्यांवर आणि पादत्राणांवर १ जानेवारी २०२२ पासून ५ ऐवजी १२ टक्के. कापडवाल्यांनी ओरड केली. ३१ डिसेंबरला कपड्यांची वाढ थांबली. चपलेची थांबली नाही. हजाराच्या आतल्या सदऱ्यावर ५ टक्के आणि हजाराच्या आतल्या चपलेवर १२! जवळजवळ पावणेचार वर्षं हे चाललं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंत दोन्हीवर ५ टक्के झाले. म्हणजे मनात आणलं तर एका मापानं मोजता येतं.

कुणी म्हणेल, अरे, वहाण दाराशी काढतात, कपडे कुणी काढतं का? मग ती कपडा कशी? बरोबर. मीही आत्ता विहाराच्या पायरीशी काढूनच आत आलो. पण ती मी काढली, माझ्या मनानं. जाताना घालीन. आज्याची दुसऱ्यांनी काढायला लावली. ते निव्वळ पाय उघडे करणं नव्हतं, भर रस्त्यात माणसाला नागडं करणं होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. काढून घ्यायची वेळ येते तेव्हा वहाण त्यांना पोशाखाहून मोठी वाटते. द्यायची वेळ आली की ती पोशाखातून बाद होते. ही लबाडी आपण ओळखली पाहिजे.

पुढच्या करारात नुसता 'कपडे' हा शब्द आम्ही चालू देणार नाही. त्याच्यापुढं लिहून घेणार, डोक्यावरच्या हेल्मेटपासून तळव्याखालच्या बुटापर्यंत. मागणीचा कागद मी आणलाय. गोदीतले, कारखान्यातले, गटारात उतरणारे, सगळ्यांनी वाचा. ज्याला सही येते त्यानं सही करा, येत नाही त्यानं अंगठा उठवा. त्या पोराची सही पहिली आहे.

जय भीम.