फुप्फुसाचा कर्करोग आणि एक प्रथिन

शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशींना आवर घालणारी व्यवस्थाही शरीरातच असते. ती नसती तर त्यांनी स्वतःच्याच अवयवांवर चाल केली असती. जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९२ साली टी-पेशींवरील ‘पीडी-१’ हे प्रथिन सापडले. तोच हा लगाम, हे मात्र पुढे उलगडले. फुप्फुसातील कर्कपेशी किती धूर्त पाहा! त्यांपैकी कित्येक आपल्या पृष्ठभागावर ‘पीडी-एल१’ हे प्रथिन धारण करतात, आणि चालून आलेल्या टी-पेशीचा लगाम नेमका तेथेच ओढला जातो.

म्हणून गाठीचा तुकडा रंगवून, किती टक्के कर्कपेशींवर हे प्रथिन आहे ते मोजतात. निम्म्या वा अधिक पेशींवर ते आढळल्यास पुष्कळांना लगाम सोडविणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे एकच औषध प्रारंभी देता येते. रोग पसरलेल्या अशा ३०५ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी या औषधाच्या गटातील सुमारे ३२ टक्के, तर केमोथेरपीच्या गटातील सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते.

तथापि हे माप अपुरेच. भरपूर प्रथिन असूनही गुण न येणारे रुग्ण आढळतात. ते मुळीच नसता गुण येणारेही. शिवाय मोकाट सुटलेल्या टी-पेशी कधी निरोगी फुप्फुसावर वा आतड्यावरही धावून जातात. मग औषध थांबवून स्टेरॉइड द्यावे लागते.