धांवण्याचा श्रीगणेशा

मैदानाभोंवतीं धांवणारीं माणसें दृष्टीस पडलीं म्हणजे आपल्या घरांतून दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "हें खूळ आपल्याला झेपणारें नव्हे." दुसरा म्हणतो, "येत्या एक तारखेपासून मीहि सुरू करणार." पहिल्या गृहस्थांशीं माझें आज फारसें भांडण नाहीं. मला बोलावयाचें आहे तें एक तारखेवाल्यांशीं. ती तारीख उजाडते, नवे बूट घरीं येतात, चार दिवस स्वारी घामाघूम होऊन परत येते आणि पांचव्या दिवशीं नडगी दुखूं लागते. महिन्याअखेरीस ते बूट भाजी आणावयाच्या कामीं येतात. निश्चयाचा कच्चा म्हणून घरचीं माणसें त्याला हंसतात आणि तोहि तें खरें मानून गप्प बसतो. माझ्या मतें यांत निश्चयाचा दोष थोडा आणि वेगाचा फार असतो.

हा विषय नुसत्या हौसेचा असता तर त्यावर आपला वेळ मीं घेतला नसता. १९५३ सालीं डॉक्टर जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत लंडनमधील वाहतूक नोकरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील दुमजली बसगाडीवर दोन नोकर असत. चालक दिवसभर आसनावर बसून असे आणि वाहक तिकिटें देण्यासाठीं दिवसभर जिना चढे-उतरे. दोघांचा वर्ग एक, गाडी एक, रस्ताहि एक. असें असतां हृदयविकाराचें प्रमाण वाहकांत चालकांपेक्षां कमी आढळलें. मुळांत चालकांच्या पाटलोणी कमरेला अधिक रुंद असत, असें मागाहून गणवेशांच्या मापांवरून दिसून आलें. तेव्हां सगळें श्रेय त्या जिन्याला देतां येणार नाहीं. तरीपण शारीरिक श्रम आणि हृदय यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार खऱ्या अर्थानें तेथून सुरू झाला, आणि पुढील संशोधनानें तो संबंध बळकटच केला. आज लिफ्टनें उतरून, वाहनांत बसून, कचेरींत पुन्हा खुर्चीवरच स्थिरावणारे आपण सारे त्या चालकाच्या आसनावर बसलेले आहोंत. मधुमेह आणि रक्तदाब हीं नांवें आतां म्हातारपणाचीं राहिलेलीं नाहींत, हें कोणत्याहि डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत बसलेल्या मंडळीकडे पाहिल्यास कळेल.

सामान्य माणसानें प्रकृतीसाठीं सावकाश धांवावें, ही कल्पना जुनी वाटते. परंतु तिचा आजचा प्रसार ज्या गांवाहून झाला तें गांव न्यूझीलंडमधील ऑकलंड होय. तेथें आर्थर लिडियार्ड नांवाचे शिक्षक होते. पोटासाठीं त्यांनीं बुटांच्या कारखान्यांत काम केलें होतें. त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, यांनीं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें एकाच दिवशीं, अनुक्रमें ८०० मीटर आणि ५००० मीटर शर्यतींत सुवर्णपदकें मिळविलीं. असा गुरु मिळाल्यावर जग त्याच्याकडे विजेते घडविण्याची विद्या मागणार, हें उघडच आहे. लिडियार्ड यांनीं मात्र आपल्याच शहरांतील पोटें सुटलेल्या, मध्यम वयाच्या गृहस्थांकडे मोर्चा वळविला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलीं माणसेंहि त्यांत होतीं. १९६२ सालीं ऑकलंडमध्यें अशा सावकाश धांवणाऱ्यांचें मंडळ निघालें. जिंकणें हा तेथें हेतूच नव्हता. शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें जावयाचें, एवढाच काय तो दंडक.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठाचे धांवण्याचे शिक्षक बिल बॉवरमन आपले धांवपटू घेऊन तेथें गेले. लिडियार्ड त्यांना एका रविवारीं या मंडळाबरोबर घेऊन गेले. बॉवरमन त्या वेळीं पन्नाशी ओलांडलेले होते. जगांतल्या उत्तम धांवपटूंना शिकविणाऱ्या या गृहस्थांचीच टेकडीच्या चढावर दमछाक झाली, आणि तीन वेळां हृदयविकाराचा झटका आलेला एक वृद्ध केवळ त्यांची सोबत करण्यासाठीं मागें राहिला! शिकविणें निराळें आणि स्वतः करणें निराळें, हें त्यांच्या चांगलेंच ध्यानीं आलें असावें. बॉवरमन सुमारें सहा आठवडे तेथें राहिले, रोज थोडें थोडें धांवले आणि १९६३ च्या आरंभीं आपल्या गांवीं परतल्यावर त्यांनीं नागरिकांना मैदानावर बोलाविलें. आठवड्यागणिक गर्दी वाढत गेली. डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांच्या साहाय्यानें त्यांनीं या विषयावर लिहिलेलें छोटें पुस्तक १९६७ मध्यें प्रसिद्ध झालें आणि ही चाल अमेरिकाभर पसरली.

आतां सावकाशीवर एवढा भर कां, तें पाहूं. धांवूं लागल्यापासून कांहीं आठवड्यांतच हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त फेंकूं लागतें, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें दाट होऊं लागतें आणि धाप कमी लागते. माणसाला वाटतें, आपण तयार झालों. परंतु हाडें आणि स्नायूंना हाडांशीं जखडणाऱ्या दोऱ्या यांची घडण फार संथपणें बदलते. त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार एका पायावर येतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे नडगीचें म्हणणें किती रास्त आहे तें कळेल. उत्साही नवशिक्याचा घात होतो तो या दोन घड्याळांच्या फरकामुळें. ज्याला अजिबात उत्साह नाहीं त्याला ही दुखापत कधींच होत नाहीं, हें मान्य; पण त्याचें दुखणें निराळ्या जागीं वाढत असतें.

यावर व्यवहार्य तोड अमेरिकेंतील जॉश क्लार्क या तरुणानें १९९६ सालीं काढली. आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईला धांवतें करावें, या हेतूनें त्यानें नऊ आठवड्यांचा क्रम आंखला. पुढें इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनेंहि तो उचलून धरला. आठवड्यांतून तीनच दिवस बाहेर पडावयाचें आणि दोन दिवसांमध्यें एक दिवस तरी विश्रांति घ्यावयाची. आरंभीं पांच मिनिटें झपझप चालावयाचें. मग पहिल्या आठवड्यांत एक मिनिट धांवणें आणि दीड मिनिट चालणें, असें आलटून पालटून वीस मिनिटें. बस्स, इतकेंच. दुसऱ्या आठवड्यांत दीड मिनिट धांवणें आणि दोन मिनिटें चालणें. तिसऱ्यांत एका फेरीला तीन मिनिटें सलग धांवावें लागतें, चौथ्यांत पांच मिनिटें. पांचव्या आठवड्याची गंमत आहे. त्याच्या पहिल्या दिवशीं पांच पांच मिनिटांच्या तीन फेऱ्या, दुसऱ्या दिवशीं आठ आठ मिनिटांच्या दोन, आणि तिसऱ्या दिवशीं एकदम वीस मिनिटें न थांबतां! कागदावर तो आंकडा पाहून पुष्कळांचें धाबें दणाणतें. प्रत्यक्षांत आधींच्या चौदा दिवसांची शिदोरी गांठीं असल्यामुळें, वेग आंवरला तर, बहुतेकांना तें साधतें. नवव्या आठवड्यांत तीस मिनिटें सलग धांवतां आलें म्हणजे क्रम पुरा झाला. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. नऊचे बारा झाले म्हणून कोणी दंड करीत नाहीं.

वेग किती, हा प्रश्न विचारलाच जातो. मनगटावरील घड्याळापेक्षां आपली जीभ यांत अधिक विश्वासू आहे. धांवतांना चार-सहा शब्दांचें वाक्य तोडल्याशिवाय बोलतां आलें तर वेग ठीक. नुसते हुंकार निघूं लागले तर कमी करावा, मग शेजारून चालणारीं आजी पुढें गेलीं तरी चालेल. मला वाटतें, आपल्याकडे आरंभ फसतो तो या लाजेपायीं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी आपल्याकडेच पाहत आहेत असा भास होतो आणि पाय उगाच उचलले जातात. कट्ट्यावरील मंडळींना स्वतःचे विषय पुष्कळ असतात.

बुटांविषयीं दोन शब्द. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धांवले, आणि त्यांची कामगिरी पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार दृढ झाला. १९२० च्या अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्यें फडेप्पा चौगुले १९ वे आले. हा इतिहास अभिमानास्पद आहे. परंतु त्या आधारें फरशीवर वाढलेल्या पायांनीं डांबरी रस्त्यावर अनवाणी धांवूं नये. बोटांपुढें अंगठ्याएवढी जागा राहील असे, पायाला सुखावह वाटणारे साधे बूट पुरेत. महागाई ही सुरक्षिततेची हमी नव्हे. साधल्यास मातीची वाट धरावी, आणि उन्हाळ्यांत सूर्य वर येण्यापूर्वीं घरीं परतावें.

गुडघे झिजतील ही भीति फार पसरलेली आहे. १९१७ साल असतें तर मीं उत्तर देण्यास कचरलों असतों. २०१७ सालीं मात्र अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत हौसेनें धांवणाऱ्यांपैकीं सुमारें ३.५ टक्क्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधेविकार आढळला, तर न धांवणाऱ्या बैठ्या लोकांत सुमारें १०.२ टक्क्यांत. शर्यतींत उतरणाऱ्या कसलेल्या धांवपटूंत तो १३.३ टक्के होता. केवळ धांवण्यानेंच गुडघे राखले, असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण बेताच्या धांवण्यानें ते झिजतात या समजाला आधारहि उरत नाहीं. वजनाविषयींचा समज मात्र उलट बाजूनें चुकीचा आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस तीन किलोमीटर धांवला तर सुमारें दोनशेंदहा कॅलरी खर्च होतात. परततांना एक वडापाव खाल्ला कीं जमाखर्चांत खर्चाची बाजू हरते. वजनाचा खरा निकाल स्वयंपाकघरांत लागतो. धांवण्याचें देणें निराळें आहे: हृदयाची ताकद, रक्तांतील साखर ओढून घेणारे स्नायू आणि रात्रीची झोंप.

सातत्य कसें टिकवावें, याविषयीं स्फूर्तिदायक वचनांवर माझा विश्वास नाहीं. लंडन येथील विद्यापीठांत फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९६ व्यक्तींच्या नव्या संवयींचा अभ्यास केला होता. संवय अंगवळणीं पडावयास साधारणतः ६६ दिवस लागले. मात्र कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतींत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं, हाहि त्यांतलाच निष्कर्ष. तेव्हां एकवीस दिवसांत सारें जमलें पाहिजे, हा हट्ट सोडावा. वेळ आणि जागा ठरलेली असावी, कपडे रात्रींच काढून ठेवावेत आणि एखादा सोबती असावा.

परंतु सर्वांत मोठी अडचण मनाची नसून घराची असते. पुरुषानें पहांटे चाळीस मिनिटें काढलीं कीं घर त्याचें कौतुक करतें आणि परतल्यावर चहा तयार ठेवतें. त्याच घरांतील गृहिणीनें तीं मागितलीं तर डबे कोण भरणार आणि मुलांना कोण उठविणार, हे प्रश्न लगेच उभे राहतात. बाहेर पडलीच तर अंधारा रस्ता आणि टवाळांच्या नजरा आहेतच. आठवड्यांतून तीन सकाळीं डब्यांचें काम दुसऱ्या कोणी पत्करणें, हें तिच्या धांवण्याचें पहिलें साधन आहे. बुटांची खरेदी त्यानंतरची. क्लार्कनें आपला क्रम आंखला तो आईसाठीं, ही गोष्ट आपल्याकडील मुलांनीं ऐकून ठेवावी.

एक इशारा दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. जिम फिक्स या अमेरिकन लेखकानें पस्तिसाव्या वर्षीं धूम्रपान सोडून धांवणें सुरू केलें. १९७७ सालीं निघालेलें त्याचें धांवण्यावरील पुस्तक प्रचंड खपलें. १९८४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, धांवत असतांनाच हृदयविकारानें त्याचा अंत झाला. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षीं पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षीं ते वारले होते. आनुवंशिक दोष धांवण्यानें धुऊन जात नाहीं. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनीं, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनीं, आणि घराण्यांत तरुणपणीं हृदयविकार झालेला असल्यास कोणत्याहि वयांत, आधीं डॉक्टरांना भेटावें. धांवतांना छातींत दडपण, जबडा वा डाव्या हातांत कळ, अथवा भोंवळ आली तर फेरी पुरी करण्याच्या फंदांत न पडतां थांबावें आणि तडक दवाखाना गांठावा.

राहतां राहिला खंड पडण्याचा प्रश्न, आणि तो पडणारच. परीक्षा आहेत, लग्नकार्यें आहेत, पावसाळा आहे. तीन-चार दिवस गेले तर जेथें सोडलें तेथूनच धरावें. दोन आठवडे गेले असतील तर दोन आठवडे मागें यावें: पांचव्यावर थांबला असाल तर तिसऱ्यापासून. ताप येऊन गेला असेल तर अंगांत पुरती ताकद येईपर्यंत नुसतें चालावें आणि मग पहिल्या आठवड्याचें एक मिनिट पुन्हा धांवून पाहावें.