टेकाम : एका आडनावाची कुळकथा

श्रोतेहो, आल्लापल्लीच्या सागवानाची कीर्ती मी नव्याने सांगावी असे काही उरलेले नाही. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान वाजतगाजत रवाना झाले, तेव्हा ती देशभर पोहोचलीच आहे. परंतु ज्या अरण्यात हा वृक्ष वाढतो, त्याच अरण्यात त्याचे नाव धारण करणारी माणसे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत, ही गोष्ट लाकडाच्या लिलावाला येणाऱ्या व्यापाऱ्याच्या कानी क्वचितच पडते. गोंडी भाषेत सागाला टेका म्हणतात, आणि या वृक्षाशी ज्या कुळाने आपले नाते जोडले, ते कुळ टेकाम. हाच शब्द तेलुगूत टेकू आणि तमिळमध्ये तेक्कू या रूपाने नांदतो. मलबारच्या किनाऱ्यावरून पोर्तुगिजांनी तो आपल्या भाषेत नेला, आणि आज स्पेनमधला सुतारही या लाकडाला तेकाच म्हणतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडला, तर आत्राम, मडावी, कुमरे, गेडाम, मेश्राम, नैताम, उईके, कोडापे, सिडाम ही नावे ओळीने येतात. भामरागड-एटापल्लीकडे माडियांच्या मुलखात शिरले, की पुंगाटी, लेकामी, मट्टामी, हिचामी अशी निराळी मालिका सुरू होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा आपला चार खंडांचा ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध केला, त्यात यांपैकी काही नावांचा उलगडा आहे: मरकाम म्हणजे आंब्याचे कूळ, इरपाची मोहाचे, तुमराची तेंदूचे आणि टेकाम सागाचे. ज्याच्या फुलांवर टंचाईचे दिवस निभावतात तो मोह, ज्याच्या पानांवर उन्हाळ्याची मजुरी अवलंबून असते तो तेंदू, ज्याच्या लाकडाने घर उभे राहते तो साग, असे अरण्यातील एकेक आधार एकेका कुळाच्या नावात स्थिर झालेले पाहिले म्हणजे ही नावे ठेवणाऱ्या पूर्वजांविषयी मन आदराने भरून येते. कुळाच्या वृक्षाला वा प्राण्याला इजा करू नये, असा संकेत होता. तो सर्वत्र सारख्याच कसोशीने पाळला जात नसे, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे.

मात्र नावाच्या अर्थापाशी थांबलो, तर मुख्य गोष्ट हातची निसटते. गोंड समाजात आडनावामागे एक संख्या उभी असते. लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी वृद्ध शेजारी बसले, पानतंबाखूची देवघेव झाली, की पहिल्याने गाव विचारले जाते, मग आडनाव, आणि लगेच तिसरा प्रश्न येतो, “तुमी किती देवाचे?” नालुंग म्हणजे चार, सैयुंग पाच, सारुंग सहा आणि येडुंग सात, यांपैकी जे उत्तर येईल त्यावरून समोरचा मनुष्य आपला भाऊबंद ठरतो की सोयरा, हे तत्क्षणी कळते, कारण समान देवसंख्येची सर्व आडनावे परस्परांची भावंडे मानली जातात आणि त्यांच्यात विवाहसंबंध होत नाही. सात देवांच्यांना साळू पूज्य, सहा देवांच्यांना वाघ, पाच देवांच्यांना सारस आणि चार देवांच्यांना कासव, अशीही परंपरा आहे. एकाच आडनावाची देवसंख्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी सांगितली जाते, यामुळे बाहेरचा अभ्यासक गोंधळतो. पण त्या त्या पंचक्रोशीतील लोकांच्या मनात तिच्याविषयी संदेह नसतो. ज्या कायद्याचे पुस्तक नाही, ज्याला कचेरी नाही आणि शिपाई नाही, असा हा विवाहाचा कायदा केवळ एका आडनावाच्या आणि एका अंकाच्या बळावर शतकानुशतके चालत आला, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

ही विभागणी केली कोणी, या प्रश्नाला गोंडांचे उत्तर एकच आहे: पहांदी पारी कुपार लिंगो. गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करून त्यांची कुळे लावून देणाऱ्या या धर्मसंस्थापकाची कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतली होती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली ती छापून प्रसिद्ध केली. सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा तीच, अशी श्रद्धा असल्यामुळे माघी पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून यात्रा भरते.

कूळ ही जिवंत संस्था कशी असते, हे पाहावयाचे असेल तर मेश्राम कुळाकडे पाहावे. आपल्या सरहद्दीपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर येथे नागोबाचे ठाणे आहे आणि त्या देवाची सेवा हा मेश्रामांचा कुलाधिकार आहे. जत्रेपूर्वी या कुळाची माणसे अनवाणी चालत गोदावरीवर जातात, घागरीत पाणी भरून घेतात, आणि पौष अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. कुळात नव्याने आलेल्या सुना शुभ्र वस्त्रे नेसून, मस्तक झाकून देवापुढे येतात आणि वडीलधारे त्यांची भेट घडवून देतात; ही भेट झाली म्हणजे ती सून खऱ्या अर्थाने मेश्राम झाली. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनाव कागदोपत्री बदलते. तेथे ते देवासमक्ष, सर्व कुळाच्या साक्षीने स्वीकारले जाते.

जगात आडनावे निर्माण होण्याच्या रीती फार भिन्न आहेत. स्पेनमधील फर्नांदेस हा फर्नांदोचा पुत्र, रोद्रिगेस हा रोद्रिगोचा. तेथे पित्याचे नावच पुढे वंशाचे झाले. त्याच स्पेनचा अंमल फिलिपाइन्स बेटांवर असताना गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया यांनी 1849 साली हुकूम काढून आडनावांची एक वर्णानुक्रमी यादीच गावोगाव धाडली, आणि करवसुली व जनगणना सुकर व्हावी म्हणून लोकांना तिच्यातून आडनावे वाटून दिली. काही गावांत तर सगळ्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तिकडे दफ्तरातून नाव माणसाकडे आले. आपल्या या जिल्ह्यांत मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869 मध्ये सादर केला, त्याच्या कितीतरी आधी कुळे आपापल्या देवांसह नांदत होती. खातेवहीत टेकाम आला, आत्राम आला. देवांची संख्या लिहिण्यास तिच्यात रकानाच नव्हता.

दफ्तराने आणखी एक गोष्ट केली. प्राणहितेच्या अलीकडे मराठी लेखणीने ज्याला कुमरे लिहिले, त्यालाच पलीकडे तेलुगू लेखणीने कुमराम केले. निजामाच्या हुकुमतीविरुद्ध लढता लढता 1940 साली जोडेघाटला धारातीर्थी पडलेले कुमराम भीम, ज्यांचे नाव 2016 पासून तेलंगणातील एका जिल्ह्याला आहे, ते आपल्याकडील कुमऱ्यांचेच कूळबंधू. आणि ज्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, ते मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके. त्यांचे आडनाव तर आज या दोन जिल्ह्यांत अभिमानाने उच्चारले जाते. अहेरीच्या जमीनदार घराण्यामुळे आत्राम या नावाला जे वलय आले, त्याविषयी मी निराळे सांगावयास नको.

मेश्राम आणि गेडाम ही आडनावे विदर्भातील बौद्ध समाजातही विपुल आहेत. एकाच मुलखात, एकाच गावगाड्यात पिढ्या घालवलेल्या समाजांत नावे अशी सामाईक व्हावीत, यात नवल नाही. परंतु जमातीचा दाखला तपासण्याची वेळ येते तेव्हा नुसत्या आडनावावरून निर्णय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या माधुरी पाटील खटल्याच्या निवाड्यात घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे दैवते, विवाहाच्या रीती, मृत्यूनंतरचे विधी यांचीही चौकशी होते. म्हणजे जमाबंदीच्या वहीने जी गोष्ट रकान्याबाहेर ठेवली, तीच आता सरकारी पडताळणीत विचारली जाते, आणि वसतिगृहात राहून शिकलेल्या एखाद्या टेकाम तरुणाला ती आपल्या आजोबांकडे जाऊन विचारावी लागते.

आजोबांनाही आठवले नाही, तर परधानाकडे जावे लागते. परधान हे गोंडांचे वंशगायक. किंगरीच्या तारांवर गज फिरवीत ते यजमानाच्या कुळाची उत्पत्ती, त्याचे देव, त्याचे मूळ ठाणे हे सर्व गाऊन सांगतात, आणि यजमानाचे जे कूळ तेच बहुधा परधानाचेही असते. हे गाणारे आता मोजके उरले आहेत. आपल्या गावात असा कोणी वृद्ध परधान असेल, तर येत्या उन्हाळ्यात त्याच्यापाशी बसावे, त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, आणि प्रत्येक आडनावापुढे देवांची संख्या त्याच्याच तोंडून लिहून घ्यावी, अशी माझी या दोन्ही जिल्ह्यांतील तरुण श्रोत्यांना कळकळीची विनंती आहे.